एकशेवीस पायपुसणी आणि अर्धा इंच

हॉटेलवाल्याने लादी घालतानाच प्रत्येक खोलीच्या दारात खळगा सोडून घेतला होता. अठरा बाय तीस इंच, पाऊण इंच खोल. पायपुसणं त्यात बसलं की लादीच्या पातळीला येतं, ठेच लागत नाही, सरकत नाही. कल्पना नामी होती. आमच्या बचतगटाने विणलेली काथ्याची ३१ पायपुसणी त्यात मावेनात, एवढंच. लांबीला अर्धा इंच जास्त. दाबून बसवली की मधे पोळीसारखी फुगायची आणि त्यावर पाय दिला की टोक वर यायचं. आणखी १६ पायपुसण्यांना कुबट वास येत होता आणि पांढऱ्या लादीवर त्यांचे केस गळत होते. टेंपोतून ११२ नेली होती, ४७ घेऊन परत आलो. तारीख ३० ऑगस्ट २०२४. गणपती आठ दिवसांवर.

परतीच्या वाटेवर टेंपोत कोणी बोललं नाही. हे सगळं लिहून काढावं असं वाटलं ते पुढे, वहीत बेरीज मांडली तेव्हा. कारण त्या बेरजेत हॉटेलवाल्याचा दोष फारसा निघाला नाही. बराचसा माझा निघाला.

वाडी आणि माग

वेंगुर्ले तालुक्यातली खाडीकाठची वाडी. बचतगट ११ जणींचा, माग ४. ग्रामपंचायतीची जुनी बालवाडीची खोली रिकामी पडली होती, तिथे माग मांडलेत. भिंतीवर अजून 'क कमळाचा' आहे. मी या गटाचा हिशेब बघते. विणता मला येत नाही, एकदा प्रयत्न केला तेव्हा बोटांची सालं निघाली. अध्यक्ष आहे तिला सगळ्या मोठी वैनी म्हणतात. काठ शिवणारी आत्या सगळ्यांत वयस्क, सत्तरीला टेकलेली.

गालिचा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे भदोही नाहीतर काश्मीर येतं. तिथे चौरस इंचात गाठी किती हे मोजतात आणि त्यावर भाव चढतो. काथ्याच्या पायपुसण्याला आमच्याकडे असं माप कोणी लावत नाही. विकत घेणारा हात फिरवून बघतो, उचलून वजन बघतो आणि म्हणतो, 'दोनशेला द्या'. केरळात निदान सुंभाला, म्हणजे काथ्याच्या दोरीला, तरी प्रत आहे. अंजेंगो, वायकम, अष्टमुडी अशी गावांची नावंच सुंभाच्या जातींना पडली आहेत. आलप्पुळ्यात काथ्याचा पहिला कारखाना निघाला १८५९ साली. आमच्याकडे सुंभ म्हणजे गुरं बांधायला, भारा आवळायला आणि होडी ओढून घ्यायला. त्याचं पायपुसणं करून विकायचं हे इथे तसं नवंच.

विणकाम कसं चालतं ते थोडं सांगते, पुढचा हिशेब त्याशिवाय कळायचा नाही. मागावर उभे सुंभ ताणलेले असतात. विणणारी पाय दाबते, उभे सुंभ वर-खाली होतात, मधून आडवा सुंभ घालून तो फणीने ठोकून बसवायचा. मग खाच असलेली एक लोखंडी पट्टी आडवी ठेवायची आणि तिच्यावर सुंभाचे वेढे घेत जायचं. वेढा पट्टीवरून जातो, उभ्या सुंभाखालून निघतो. पुन्हा ठोकायचं. तीन-चार पट्ट्या भरल्या की सगळ्यांत मागच्या पट्टीच्या खाचेतून सुरी ओढायची. सर्रकन आवाज येतो, वेढे मधोमध कापले जातात, पट्टी सुटून हातात येते आणि वेढ्यांच्या जागी ब्रशासारखे केस उभे राहतात. तीस इंचांत हे किती वेळा होतं ते मी एकदा मोजायला बसले आणि मधेच कोणीतरी चहा आणला.

मागावरून उतरल्यावर काम संपत नाही. केस सारखे कातरायचे. दोन्ही टोकांचे सुटे सुंभ आत वळवून दाभणाने काठ शिवायचा. हे काठाचं काम आत्याचं. ती ते खोलीवर येऊन करत नाही, पायपुसणी तिच्या घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी काठ होऊन येतात. ही गोष्ट मला ठाऊक होती. तिची नोंद माझ्या वहीत नव्हती.

मे महिन्यातला कागद

मालवणच्या बाजूला एक नवीन हॉटेल होत होतं, ६० खोल्यांचं. दारात एक आणि गॅलरीत एक, अशी १२० पायपुसणी हवी होती. मे महिन्यात त्यांचा माणूस येऊन नमुना बघून गेला. दर ठरवायचा कागद मी केला. सुंभ १.६ किलो, ६० रुपयांनी ९६. मजुरी ९०. वीज, वाहतूक वगैरे २०. गटाला शिल्लक १४. झाले २२० रुपये. एकूण २६,४००, त्यातले ३० टक्के म्हणजे ७,९२० आगाऊ.

मजुरीचे ९० कुठून आले? एक बाई दिवसाला दोन पायपुसणी काढते, दिवसाचे १८० पडतात, घराजवळ सावलीत बसून १८० वाईट नाहीत. असा तो विचार. तेव्हा मला तो व्यवहारी वाटला होता. खोलीत कोणी हरकत घेतली नाही, उलट मोठ्या वैनीने विचारलं, '२२० जास्ती तर नाय जायत?'

कामाला मुदत दिली होती ऑगस्टअखेर. मे महिन्यात ऑगस्ट लांब दिसतो. मधे जून आहे, जुलै आहे, आणि जुलैत लावणी आहे हे कोकणातल्या माणसाने विसरावं म्हणजे कमाल. पण विसरलो. लावणी म्हणजे दहा-बारा दिवस माग बंदच. स्वतःची झाली की शेजारच्यांची, कारण त्यांनी आपल्याकडे पैरा, म्हणजे कामाच्या बदल्यात काम, केलेला असतो. त्यात २०२४ चा जुलै म्हणजे लाडकी बहीण. जूनअखेरीला घोषणा झाली आणि मग रेशनकार्ड, दाखला, आधार बँकेला जोडलंय की नाही याच्या रांगा. बायकांचे तीन-चार दिवस त्यात गेले. मी त्यांना नावं ठेवत नाही, मीही त्यातल्या चौघींचे अर्ज भरून दिले. पण मागावर जुलैच्या विसाव्या तारखेपर्यंत बारा पायपुसणीसुद्धा उतरली नव्हती.

विकत घेतलेलं पाणी

सुंभ आमचा नाही, दक्षिणेतून येतो. हे बाहेरच्याला चमत्कारिक वाटतं. माडांच्या गावात काथ्या बाहेरून? त्यावर पुढे येते. तर सुंभ मागवला जूनच्या शेवटी, कारण आगाऊ रक्कम तेव्हा हातात आली. २०० किलो, १२,००० रुपये. ट्रकवर ताडपत्री होती, पण घाटात पाऊस कुठून शिरतो ते ट्रकवाल्यालाच ठाऊक. बिंडे उतरवून घेतले, काट्यावर वजन केलं, बरोबर २०० भरलं. पावती झाली. मोठी वैनी म्हणाली, 'वजन चोख आसा.' मीही खूश.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. सुंभ भिजला की वजन मात्र वाढतं. काथ्या हवेतली ओल ओढून घेतो. पावसाळी हवेत नुसता ठेवला तरी जड होतो, भिजला तर विचारूच नका. ऑगस्टच्या मध्यावर उघडीप पडली तेव्हा एक न वापरलेला बिंडा पत्र्यावर दोन दिवस वाळवला आणि सहज म्हणून काट्यावर टाकला. २५ किलोचा २२ भरला. मी पुन्हा ठेवला. २२. हिशेब तोंडीच होण्यासारखा होता. २०० किलोत २४ किलो पाणी, ६० रुपये किलोने १,४४० रुपयांचं. सुंभ म्हणून बघायचं तर पंधरा पायपुसण्यांचा माल.

'म्हणजे आमी पाणीच इकत घेतलां,' आत्या म्हणाली.

पैशापेक्षा वाईट गोष्ट वेगळी होती. ओला सुंभ फुगलेला असतो. तो घट्ट ठोकून बसवला की मागावर पायपुसणं कसं भरगच्च दिसतं. सुकल्यावर सुंभ बारीक होतो, वेढ्यांची पकड सुटते आणि केस झटकले की हातात येतात. आतून पुरतं न सुकलेलं पायपुसणं चळत लावून ठेवलं की बुरशीचा वास धरतं. परत आलेली १६ पायपुसणी सगळी जुलैच्या शेवटच्या आठवड्यातली निघाली. प्रत्येक पायपुसण्याच्या पाठीला तारखेची चिठ्ठी होती म्हणून हे कळलं. चिठ्ठ्या लावायची शिस्त मोठ्या वैनीची; मला तेव्हा ती उगाचची वाटायची.

टेप

अर्ध्या इंचाचा शोध लागायला तीन दिवस गेले. आधी वाटलं, विणणाऱ्यांनी पट्ट्या जास्त घातल्या. मग एकमेकींकडे बोटं दाखवणं झालं, एकीने रडून घेतलं. पायपुसण्याची रुंदी चुकत नाही, ती फणीने बांधलेली असते. लांबी मात्र हाताने मापायची. खोलीत दोन टेपा होत्या. एक नवी, आणि एक शिंप्याची पिवळी, वर्षानुवर्षं खुंटीला टांगलेली. तिला सगळ्या जणी ओढून ओढून मापायच्या. दोन्ही टेपा शेजारी शेजारी धरल्या तर पिवळीवरचे ३० म्हणजे नवीवरचे साडेतीस. टेप ताणून लांबली होती. तिने तीस मोजलं की खरं साडेतीस विणून व्हायचं. ज्या दिवशी जिच्या हाताला जी टेप लागली तशी पायपुसणी उतरली.

घरच्या दारापुढे पसरायचं असतं तर या अर्ध्या इंचाकडे कोणी बघितलंही नसतं. आजवर आमचा सगळा माल तसाच गेला, जत्रेत, बाजारात, मुंबईच्या प्रदर्शनात. खळगा पहिल्यांदाच भेटला.

जास्तीचं कापून टाकता येत नाही का, असं हॉटेलच्या माणसाने विचारलं. येतं, पण काठ उसवून, एक-दोन ओळी काढून, सुटे सुंभ पुन्हा वळवून काठ नवा शिवावा लागतो. ३१ काठ आणि आठ दिवस, त्यात घरोघर मखर आणि मोदकांची तयारी. त्यांनाही गणपतीत खोल्या सुरू करायच्या होत्या. त्यांनी खळग्यांत रबराची आयती पायपुसणी टाकली. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

बेरीज

स्वीकारली ६५. त्यांचे १४,३०० झाले. त्यातून सुंभाचे १२,००० आणि टेंपोचे १,५०० वजा केले की उरतात ८००. खोलीचं वीजबिल यात धरलेलं नाही.

८०० रुपये ११ जणींत. वाटणी झाली असती तर प्रत्येकीला ७३. त्याच ऑगस्टच्या मध्यावर लाडक्या बहिणीचे दोन हप्ते मिळून ३,००० रुपये खात्यावर आले होते. सर्वांत धाकटी विणणारी म्हणाली, 'मगे विणायचा कित्याक?' तिला गप्प करायला दोघी-तिघी पुढे सरसावल्या. मला वाटतं, त्या बैठकीत विचारला गेलेला सगळ्यांत शहाणा प्रश्न तोच होता. त्याला उत्तर देण्यासाठी आधी हे कळायला हवं होतं की विणायला किती वेळ लागतो. आणि ते आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं.

म्हणून नवरात्र झाल्यावर मी मोबाइलचं घड्याळ घेऊन बसले. पहिला दिवस वाया गेला, कारण घड्याळ लावलं की बायका शर्यत लावल्यासारख्या विणायच्या आणि हसायच्या. 'घड्याळ कित्याक लावतंस गो?' दुसऱ्या दिवशी विसरल्या. आठवडाभर लिहून जी सरासरी निघाली ती अशी: सुंभ उकलून कांड्या भरणं आणि ताणा, म्हणजे उभे सुंभ, लावणं यांचा एका पायपुसण्यामागे वाटा २५ मिनिटं. विणणं २ तास ५० मिनिटं. कातरणं ३५ मिनिटं. इथपर्यंत सगळं खोलीत घडलं, माझ्या डोळ्यांपुढे.

मग संध्याकाळी आत्याच्या घरी गेले. टीव्हीवर मालिका चालू, आत्या भिंतीला टेकून, मांडीवर पायपुसणं, दाताने सुतळी तोडतेय. मी घड्याळ काढलं तशी म्हणाली, 'ह्यां काय काम? ह्यां मी टीव्ही बघता बघता करतंय.' दोन्ही काठ मिळून १ तास ५ मिनिटं. त्या दिवशी तिच्याकडे चार पायपुसणी होती. दाभण काथ्यातून ओढताना अंगठ्याच्या बाजूला जिथे दाब येतो तिथे तिने सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला होता. किती वर्षं गुंडाळते असं विचारलं तर तिला आठवेना.

एकूण २९५ मिनिटं. पाच तासांना पाच मिनिटं कमी. मजुरी ९० रुपये, आणि तीही सगळी विणणारीला. आत्याला वर्षातून एकदा गटाकडून साडी. आठ तासांच्या दिवसाला धरलं तर १४६ रुपये पडतात. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर होता २९७. मी मे महिन्यात 'दिवसाला दोन पायपुसणी, १८० रुपये' असं लिहिलं होतं, त्यात दिवस किती तासांचा हे विचारलंच नव्हतं. दोन पायपुसण्यांचे होतात जवळजवळ दहा तास, आणि ते दोन बायकांचे.

११२ पायपुसण्यांमागे साडेपाचशे तास गेले होते. हाती ८०० रुपये.

उरलेले पैसे

तेही वेळेवर आले नाहीत. आगाऊ रक्कम वजा जाऊन ६,३८० यायचे होते; आले १२ नोव्हेंबरला, भाऊबीज होऊन गेल्यावर. ७४ दिवस. दर वेळी फोनवर गोड बोलणं, 'साहेब मुंबईला आहेत'. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या, कायद्यानुसार लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसांतच. उशीर झाला तर व्याज लागतं. अशी थकवलेली रक्कम देणाऱ्याला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, अशी तरतूद आयकराच्या कायद्यातही आता आहे. पण यासाठी विकणाऱ्याची 'उद्यम' ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी असावी लागते. ती फुकट होते, बचतगटालाही करता येते, आणि आमची नव्हती. डिसेंबरात केली. अर्ध्या तासाचं काम होतं. यावर जास्त लिहिण्यासारखं नाही, लाज तेवढी वाटते.

सुचवलेलं आणि घडलेलं

माझी पहिली सूचना मी मोठ्या उत्साहाने मांडली. सुंभ बाहेरून का आणायचा? एका सोडणातून, म्हणजे नारळाच्या सालीतून, साधारण ८० ग्रॅम काथ्या निघतो, हजार सोडणांतून ८० किलो. १२० पायपुसण्यांना लागणारा १९२ किलो सुंभ म्हणजे २,४०० सोडणं. एवढे नारळ वाडीतल्या तीस-चाळीस माडांवरून वर्षाला उतरतात. आपल्याच परड्यात माल पडलाय!

मोठी वैनी शांतपणे म्हणाली, 'आणि पाणी कशार तापवतलंव?'

कोकणात सोडण फुकट असतं असं ज्याला वाटतं त्याने पावसाळ्यात न्हाणीची चूल पेटवून बघावी. ओल्या लाकडाला दाद न देणारी चूल सुक्या सोडणाने पेटते. ते सरपण आहे, त्याची किंमत आहे, फक्त ती कोणी रुपयांत मांडत नाही. आत्याच्या काठासारखीच. शिवाय सोडणाचा काथ्या करायला एकतर यंत्र हवं, नाहीतर खाडीच्या चिखलात महिनोन् महिने कुजवून कुटायचं. आत्याने लहानपणी ते पाहिलंय. तो वास ती अजून विसरलेली नाही. यंत्र घ्यावं तर सोडणाच्या दोन भाग भुशाला एक भाग काथ्या, या मापाने ढीग साचणार. भुसा रोपवाटिकेला विकता येतो, पण तो वेगळा धंदा झाला. सूचना बारगळली, आणि बारगळली ते बरं झालं.

कारागिरांसाठीच्या केंद्राच्या विश्वकर्मा योजनेचंही बघितलं. तिच्या १८ व्यवसायांत काथ्या विणणारे येतात. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, अवजारांना १५,००० चं व्हाउचर, पुढे ५ टक्के व्याजाने कर्ज. मात्र ती व्यक्तीला आहे, गटाला नाही, आणि एका कुटुंबातून एकालाच. चौघींच्या घरी नवऱ्याने आधीच सुतार किंवा गवंडी म्हणून नोंद केलेली होती. त्यांतला एक गवंडी गेली सहा वर्षं गोव्यात हॉटेलात आहे. त्यावरून घरात काय बोलणं झालं ते मला सांगितलं गेलं, पण इथे लिहिण्यासारखं नाही.

प्रत्यक्षात बदल झाले ते लहान. पिवळी टेप जाळली. जाळायची गरज नव्हती, पण सगळ्यांना बरं वाटलं. गावातल्या सुताराकडून प्लायवूडची फळी अठरा बाय तीसला नेमकी कापून घेतली, काठाला पट्टी मारली. आता प्रत्येक पायपुसणं त्या फळीच्या चौकटीत बसवून बघतात, बसलं नाही तर काठ शिवायला जातच नाही. जुलैत कुठलंही काम घ्यायचं नाही. सुंभ घ्यायचा मार्च-एप्रिलमध्ये, आल्यावर आठवडाभर उन्हात टाकून मग माळ्यावर. व्यापाऱ्याला सुक्या वजनाने पैसे घ्यायला सांगून पाहिलं. तो हसला. म्हणाला, 'ताई, मलापण तिकडून असाच मोजून येतो.' मग उन्हाळ्यात घेणं एवढाच इलाज. त्यासाठी गटाच्या शिलकीतले बारा-पंधरा हजार चार महिने अडकतात, आणि त्याच महिन्यांत मुलांच्या वह्या-पुस्तकांसाठी गटातून कर्ज मागितलं जातं. हा पेच सुटलेला नाही. दोन जणींना या वर्षी थांबायला सांगावं लागलं.

दर नवा काढला. सुंभ, कात्रण धरून, १०२. मजुरी २९७ च्या मापाने १८२. त्यात कांड्या आणि विणणं १२०, कातरणं २२, काठ ४०. वीज-वाहतूक २०. गटाला ३६. एकूण ३४०.

३४० ऐकून खोलीत शांतता. कुडाळच्या दुकानात प्लॅस्टिकच्या पाठीवर यंत्राने काथ्या चिकटवलेलं पायपुसणं दोनशेच्या आत-बाहेर मिळतं, तेही रंगीत, 'वेलकम' छापलेलं. मोठ्या वैनीचं म्हणणं, बाजारात ३४० ला कुत्रं विचारणार नाही. माझं म्हणणं, मग बाजारात विकू नये. दोघींचंही थोडं थोडं खरं निघालं. परत आलेली ३१ गणपतीत आणि त्यानंतर चाकरमान्यांना २५० ने विकली, बहुतेक गेली. वासाची १६ ऑक्टोबरच्या उन्हात वाळवली. नऊ वापरण्यासारखी झाली, सात देवळात आणि शाळेत दिली. फेब्रुवारीत आंगणेवाडीच्या जत्रेत ३४० चा फलक लावून बसलो, तर दिवसभरात चार. त्यांतली दोन एकाच बाईने घेतली, पाठीवरची चिठ्ठी वाचून. मोठ्या वैनीने आता चिठ्ठीवर तारखेशेजारी तासही लिहायला सुरुवात केली होती: 'पाच तास'. त्या बाईने विचारलं, 'खरंच पाच?' आणि आत्याने तिला ट्यूबचा तुकडा काढून अंगठा दाखवला.

मार्चमध्ये ३४० ला ४० पायपुसण्यांचं काम मिळालं, दापोलीकडच्या एका घरगुती निवासाचं. खळगे नाहीत, आधीच विचारून घेतलं. ४० च्या ४० गेली.

आणि आता नवं भांडण आहे. काठाचे ४० रुपये ठरल्यापासून काठ सगळ्यांनाच शिवायचा आहे. विणणाऱ्या म्हणतात, आमच्या पायपुसण्याचा काठ आम्हीच शिवणार, घरी टीव्ही आमच्याकडेही आहे. आत्याच्या सुनेनेही दाभण हातात घेतलंय. आत्या म्हणते, इतकी वर्षं कोणाला काठ दिसला नाही, आता पैसे लागल्यावर दिसला. आणि तिचा काठ खरंच सरळ येतो, बाकीच्यांचा वळतो, फळीत घातल्यावर ते उघड दिसतं. गेल्या बैठकीत तीन तास यावरच गेले. सध्या ठरलंय ते असं, की एका आड एक पायपुसणं आत्याकडे. पुढच्या बैठकीत पुन्हा निघणार आहे. या खेपेला घड्याळ घेऊन ये म्हणून आत्याने मला आधीच सांगून ठेवलंय.